शेजाऱ्याची मुकी गाडी

गाडी आवाज न करता माझ्या खाटेकडे सरकत होती आणि शेजारी तिच्यापुढे हात पसरून, बैल थांबवतात तसा, "हो, हो!" करत होता. मी ऊन खात बसले होते. माझे गुडघे सकाळी लवकर ऐकत नाहीत.

"मोठी माय, ऊठ!"

"गाडी बंद शे ना रे?"

"बंदच शे!"

"मंग चाली कशी ऱ्हायनी?"

हा माणूस थंडीत रोज गाडी तापवतो. जुन्या जीपला ते लागायचं. ही नवी हायब्रीड बॅटरीवर चालू होते, इंजिन गप्पच असतं. त्याच्या मुलानं कितीदा सांगितलं, तरी आवाज नाही म्हणजे गाडी बंद, हेच याच्या डोक्यात. रात्री बॉनेटवर गोधडी घालतो, सकाळी कान लावून बसतो. त्या दिवशी चालू गाडी बंद समजून, जीपसारखा गिअर टाकून गोधडी काढायला उतरला.

आत जाऊन ब्रेक दाबावा, हे त्या ठोंब्याला सुचलं नाही. पण मी उठेपर्यंत समोरून हललाही नाही. मग दोघंही बाजूला झालो. खाट मोडून गाडी भिंतीला टेकली, तरी गप्पच.

मी वाचले. तोही वाचला.