पांढऱ्या शर्टाखालचं विमान

आम्ही चेन्नईला गेलो ते मुलाच्या लग्नाची बोलणी करायला. हे आधीच सांगते, कारण देवळं, साड्या आणि समुद्र यांची माहिती शोधत कुणी इथवर आलं असेल, तर यांतला फक्त समुद्र मी पाहिला, तोही रिक्षातून.

ओंकार, आमचा मुलगा, गिंडीत गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात इंजिनिअर आहे. गायत्री तिथेच भेटली. तिचं घराणं तंजावरच्या मराठ्यांचं, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेलं. सगळं ठरत आलं होतं, आईवडिलांची भेट तेवढी राहिली होती. निघायच्या आदल्या आठवड्यात ओंकारचा फोन आला.

"आई, स्पीकरवर टाक. बाबा, एक सांगायचंय. गायत्रीच्या घरी विमान हा विषय काढायचा नाही."

माझे यजमान अविनाश विमा कार्यालयातून निवृत्त झाले. त्यांचं बालपण नाशिकजवळ ओझरच्या बाजूला गेलं, डोक्यावरून लढाऊ विमानं जाताना बघत. त्या वयात मुलांना क्रिकेट लागतं, यांना विमानं लागली ती लागलीच. पुढे हवाई दलाच्या जुन्या विमानांची चित्रं छापलेले कपडे मिळायला लागले आणि आमचं कपाट संपलं. हंटरचे टी-शर्ट, नॅटचे टी-शर्ट, कॅनबेराची टोपी, डकोटाचे मोजे. दोरीवर वाळत घातले की शेजारचे विचारतात, आज परेड आहे का.

"का काढायचा नाही?" अविनाशनी विचारलं.

गायत्रीचे वडील, रघुनाथराव, हवाई दलात वैमानिक होते. ती लहान असताना त्यांच्या विमानाला पक्षी धडकला आणि त्यांना बाहेर उडी घ्यावी लागली. वैमानिकाला खुर्चीसकट बाहेर फेकतात, त्या झटक्याने पाठीचा कणा दुखावला आणि नोकरी सुटली. तेव्हापासून घरात विमानाचं नाव कुणी काढत नाही. भिंतीवर फोटोसुद्धा नाही.

"कुठलं विमान?"

"मिग एकवीस. बाबा, प्लीज."

"नाही काढणार," अविनाश म्हणाले आणि गच्चीवर जाऊन बराच वेळ उभे राहिले.

नाशिकहून पुण्यापर्यंत बस आणि तिथून चेन्नईची गाडी, असा प्रवास आहे. पुण्याहून निघालं की दुसऱ्या दिवशी पोचतो. एसी तीनचं तिकीट आधी काढा. वाटेत गुंतकल्लला इडली घ्यायला उतरलात तर गाडीकडे लक्ष ठेवा, ती सांगून सुटत नाही. गाडीत घालायला मी अविनाशना विमानाचे दोन टी-शर्ट नेऊ दिले. भेटीसाठी निळा शर्ट इस्त्री करून दाराच्या मागे अडकवला होता. तो दाराच्या मागेच आहे हे सोलापूर गेल्यावर लक्षात आलं.

चेन्नई सेंट्रलला उतरलं की टॅक्सीवाल्यांच्या घोळक्यात शिरू नका. खालीच मेट्रो आहे. आम्ही गार डब्यात बसून तिसेक रुपयांत अण्णा नगरला ओंकारच्या घरी पोचलो. सकाळी कोपऱ्यावरच्या हॉटेलात पोंगल खाल्लं. मऊ खिचडीत मिरे आणि तूप घालून ती पुन्हा तुपात ठेवली तर जे होईल, ते. वर पितळी पेल्यातली काफी. तिथल्यासारखं उंचावरून ओतून गार करायला जाऊ नका. माझ्या साडीवर अजून डाग आहे.

गायत्रीचं घर नुंगंबाक्कमला. वाटेतल्या एका दुकानात मी अविनाशसाठी पांढरा शर्ट घेतला. ऊन बघून मुद्दाम पातळ सुती घेतला. तो इतका पातळ होता की आतली छाती दिसायला लागली. मी म्हटलं, "आत बनियन हवं." बनियनं अण्णा नगरला दोरीवर होती, अंगावर होता तो गाडीतला टी-शर्ट. अविनाश कपडे बदलायच्या खोलीत गेले आणि बाहेर आले तेव्हा आत काहीतरी राखाडी होतं. उशीर झाला होता. मी विचारलं नाही.

दार पद्माताईंनी उघडलं, म्हणजे गायत्रीच्या आईने. "या, बैसा. ऊन बहुत आहे." त्यांची मराठी आपल्या पणजीची वाटते, आणि मध्येच तमिळ येते. रघुनाथराव वेताच्या सरळ पाठीच्या खुर्चीत बसले होते. उंच माणूस, मान वळवायची तर सगळं अंग वळवणारा. नमस्कार केला आणि समोरची खुर्ची दाखवली.

अविनाशनी शब्द पाळला. त्यांनी मेट्रोचं कौतुक केलं. मग पाण्याच्या टँकरबद्दल विचारलं. मग पुन्हा मेट्रोचं कौतुक केलं. तेवढ्यात वीज गेली. पंखा थांबत थांबत थांबला, आणि घाम सुरू झाला.

आधी मला काही कळलं नाही. अविनाशनी हाताची घडी का घातली, तेही नाही. पण गायत्रीने काफीचा पेला पुढे केल्यावर घडी सोडावी लागली. ओला पांढरा शर्ट अंगाला चिकटला होता आणि त्याखालून, छातीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक मिग एकवीस वर येत होतं. आधी नाक, मग त्रिकोणी पंख, मग शेपूट. ओंकारने डोळे मिटले.

रघुनाथराव बघत होते.

"ते काय?" त्यांनी विचारलं.

"टी-शर्ट," अविनाश म्हणाले. "उलटा घातलाय."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी मनातल्या मनात परतीची गाडी कुठली मिळेल ते बघायला लागले. खरं सांगते, त्या वेळी मला नवऱ्याचा राग आला नाही. गायत्रीचा चेहरा बघवत नव्हता. ती वडिलांकडे असं बघत होती, जसं काठावर ठेवलेल्या काचेच्या भांड्याकडे बघतात.

"वरला शर्ट काढा," रघुनाथराव म्हणाले.

"अं?"

"झाकलं तर अधिक दिसतं. काढा. आणि आतला सुलटा करून घाला."

अविनाश बाथरूममध्ये गेले आणि टी-शर्ट सुलटा करून आले. बैठकीच्या मधोमध उभे राहिले, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. रघुनाथरावांनी खुर्चीसकट वळून नीट पाहिलं. विषय काढायचा नव्हता, आणि तो सगळ्यांसमोर छातीवर होता. शेवटी अविनाशनाच राहवलं नाही.

"आत बसल्यावर वास कसला यायचा हो?"

"बाबा!" ओंकार म्हणाला.

"वास?" रघुनाथरावांनी विचारलं. "रबराचा. तापल्या तारेचा. आणि प्राणवायूच्या मुखवट्यात आपलाच. सकाळी कांदा खाल्ला असेल तर कांद्याचा." आणि ते हसले. मोठ्याने, खुर्चीचे हात धरून, पाठ दुखू नये अशा बेताने. "कांदा खाऊं नये. हें कोणी शिकवीत नाहीत."

अविनाश जवळच्या स्टुलावर बसले, पुढे सरकले. उन्हाळ्यात आत किती तापायचं? ढगात शिरल्यावर पोटात कसं व्हायचं? उतरताना धावपट्टी खरंच एवढी अरुंद दिसायची का? रघुनाथराव सांगत गेले, मध्येच तमिळमध्ये, मध्येच हाताचं विमान करून. मग थांबून म्हणाले, "लोक येतात ते पुसतात, पडलां कसे. एके दिवशी पडलों. त्याआधी इतकी वर्षे उडलों, आणि नीट उतरलों. तें कोणी पुसत नाही."

"तुम्हाला त्रास होईल म्हणून आम्ही विचारलं नाही, अप्पा," गायत्री म्हणाली.

"मला वाटलें, तुम्हांस ऐकायचें नाही."

एवढंच बोलून त्यांनी काफी संपवली. गायत्री उठून त्यांच्या खुर्चीजवळ खाली फरशीवर बसली.

मी स्वयंपाकघरात गेले. पद्माताई पाठ करून उभ्या होत्या आणि नळ नुसताच वाहत होता. मी तो बंद केला.

"ह्यांचें हसणें ऐकलें का?" त्यांनी विचारलं.

"ऐकलं."

"आमा," त्या म्हणाल्या, म्हणजे हो, आणि पदराने तोंड पुसलं. मग आम्ही दोघींनी लग्नाचं ठरवलं, कारण बाहेर ते कुणाच्या लक्षात नव्हतं. लग्न तंजावरला, स्वागत नाशिकला. ओंकारला तिन्ही त्रिकाळ भात चालतो का, एवढी एकच शंका त्यांना होती. मी म्हटलं, चालेल. जेवायला केळीच्या पानावर भात, सांबार, मोरकोळंबू म्हणजे ताकाची आमटी, पापड, असं सगळं होतं, आणि पुरुषांच्या पानावरचं गार झालं.

दुसऱ्या दिवशी परतताना रिक्षावाल्याने मरीनाच्या रस्त्याने नेलं. तो माझा समुद्र. ऊन इतकं होतं की तो पांढरा दिसत होता. अविनाश मिटल्या डोळ्यांनी, आदल्या दिवशीचं एकेक उत्तर आठवत, पुटपुटत होते.

घरी येऊन महिना झाला. काय राहिलं म्हणाल, तर काफीचा डाग, मोरकोळंबूची पाककृती, आणि हे की मी स्वतः तीस वर्षांच्या संसारात नवऱ्याला कधी विचारलं नव्हतं, तुम्हाला या विमानांत काय दिसतं. परवा विचारलं. उत्तर अजून चालू आहे.

रविवारी सकाळी गायत्रीचा फोन आला.

"काकू, अप्पांनी काल मला एक सांगितलं. मी झाले तेव्हा ते वर होते. खालून रेडिओवर कळवलं, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत, खाली या. ते लगेच उतरलेच नाहीत. एक चक्कर जास्त घेतली. वरिष्ठांनी झापलं त्यांना. मला हे आत्ता कळतंय, काकू. या वयात."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? मी विचारलं, चक्कर कुठल्या बाजूने घेतली."

"आणि?"

"डावीकडून," ती म्हणाली. "डावीकडे हॉस्पिटल होतं."