कळमेश्वरचं ‘सगळं ठीक’

पार्बता दारात आली तेव्हा मी दुपारचा चहा ठेवत होते. माझी मैत्रीण कुमुद गजभिये हिच्याकडे ही बाई कित्येक वर्षं राहत होती, पण माझ्या घरी एकटी कधी आली नव्हती. ती उंबऱ्याबाहेरच थांबली आणि म्हणाली, “बाई गेल्या.” कुमुदला हृदयाचं दुखणं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी इतक्या लवकर... आता महिना उलटला, पण तिच्या घराकडे, जरीपटक्याला जाणारी बस दिसली की माझा हात अजून वर जातो.

आम्ही दोघी एकाच कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायचो. छप्पनच्या धम्मदीक्षेला आईवडिलांबरोबर उभी राहिलेली ही मुलगी पुढे तिच्या घरातली पहिली पदवीधर झाली. निराधार बायांसाठी आश्रयगृहं चालवणाऱ्या एका चळवळीत तिनंच मला ओढलं. रविवारी आम्ही तिथल्या बायांना लिहायला-वाचायला शिकवत असू. चळवळीच्या संस्थापकांना कुमुद वडिलांच्या जागी मानायची. सत्तरनंतरच्या एका उन्हाळ्यात कळलं, की आसऱ्याला आलेल्या बायांशी तेच गैरवर्तन करत होते. वर्तमानपत्रांत छापून आलं, ते पायउतार झाले. कुमुदला मात्र कितीतरी दिवस अन्न गोड लागेना.

मग कार्यकारिणीनं आम्हा दोघींना पाहणी करायला सांगितलं. इथं तुम्हाला त्रास झाला का, इथल्या माणसांवर तुमचा विश्वास आहे का, असे साधे प्रश्न होते. नागपुरातल्या बहुतेक बायांनी त्रास झाल्याचं सांगितलं. कळमेश्वरच्या आश्रयगृहात मात्र एकजात उत्तर मिळालं, ‘सगळं ठीक.’ कार्यकारिणीला हायसं वाटलं. कीड शहरापुरतीच आहे, खेड्यापाड्यातल्या बाया समाधानी आहेत, असा अर्थ त्यांनी काढला. आकडे तर तसंच सांगताहेत, असं मी कुमुदला म्हणाले. तेव्हा ती शांतपणे म्हणाली, “आकडे खोटे नाहीत वं. पण नागपूरवालीले इथं भाऊ आहे, बहीण आहे, चार घरचं काम आहे. जिले जायले दुसरी जागा आहे, तेच बोलते. कळमेश्वरवालीनं बोलून कुठं जावं?”

आम्ही पुन्हा कळमेश्वरला गेलो. तिथला व्यवस्थापक बाहेरगावी गेला होता. विहिरीजवळ धुणं धूत बसलेल्या पार्बताला कुमुदनं तोच प्रश्न पुन्हा विचारला. पार्बता बराच वेळ कपडे आपटत राहिली. मग मान वर न करता तिनं विचारलं, “खरं सांगतलं तर निजाले जागा तुमी द्यान का?”

“देईन,” कुमुद म्हणाली. संध्याकाळच्या बसनं ती पार्बताला आपल्या दोन खोल्यांच्या घरी घेऊन आली. तिथं पार्बता बोलली. संस्थापकांनी जे नागपुरात केलं, तेच तो व्यवस्थापक कळमेश्वरला करत होता.

कोणाचाही आसरा जाणार नाही अशी आधी हमी द्या आणि मगच सगळ्यांना पुन्हा विचारा, एवढंच कुमुदनं पार्बताचं म्हणणं कळवताना कार्यकारिणीकडे मागितलं होतं. त्यांनी व्यवस्थापकाला काढलं, आणि आणखी बोभाटा नको म्हणून कळमेश्वरचं आश्रयगृहच बंद करून टाकलं. आम्ही पोचलो तेव्हा फाटकाला कुलूप होतं. बाया पांगल्या होत्या. काहीजणी तर जिथून पळून आल्या होत्या त्याच घरी परत गेल्याचं शेजाऱ्यांनी सांगितलं. कुमुद फाटकाचे गज धरून उभी राहिली. “त्या चूप होत्या तवा त्याइच्या डोक्यावर छप्पर तरी होतं वं...” म्हणाली. दोष तुझा नाही, हे मी तिला तेव्हा सांगितलं, नंतरही सांगत राहिले. तिनं कधी ऐकलं नाही.

पुढं रविवारी ती त्यांना शोधत फिरायची. कळमन्याच्या बाजारात धान्य निवडणाऱ्या बायांचे चेहरे न्याहाळायची, पत्ते काढत खेड्यांत जायची. काहीजणी सापडल्या. त्यांना तिनं घरी आणलं, कामं लावून दिली, त्या आपापल्या मार्गाला लागल्या. पार्बता तेवढी राहिली. बाकीच्या सापडल्याच नाहीत... त्यांची नावं ती आजारपणातही घ्यायची.

गेल्या आठवड्यात तिच्या घरी गेले. दिवेलागणीची वेळ होती. बाहेरच्या खोलीत भिंतीशी एक गादी घातलेली होती, वर धुतलेली चादर, उशाशी पाण्याचा तांब्या. कोणी येणार आहे का, असं मी पार्बताला विचारलं.

“कोनी नाही,” चादरीचं टोक नीट करत ती म्हणाली. “बाई रोज टाकत. मीबी टाकतो.”