बिनखुणेची चादर

पुलाच्या मध्यावर आल्यावर घडीताई म्हणाल्या, "बाई, बस दिसली की तुम्ही चढा. माझ्यापायी पाय का मोडून घेताय?"

"पाय माझेच आहेत," मी म्हटलं. "आणि बसमध्ये तो असेल."

तो म्हणजे आमच्या दवाखान्याच्या फाटकावरचा वॉचमन. त्याचं नाव निघताच त्यांनी चालायचा वेग वाढवला. हातातली कापडी पिशवी रिकामी होती, तरी ती त्यांनी छातीशी धरलेली होती. निम्मी वाट संपली होती आणि निम्मी उरली होती. ऊन अजून तोंडावर येत होतं. दवाखान्याच्या लाँड्रीतली त्यांची नोकरी तासाभरापूर्वीच गेली होती.

घडीताई हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे, ते लाँड्रीत पडलं. गरम रोलरमधून निघालेली चादर त्या एकट्या झेलायच्या आणि खाली टेकू न देता चौपदरी करून ठेवायच्या. मुकादम म्हणायचे, "हिच्या घडीवरून मुंगी चालली तर घसरून पडेल." त्यावर ह्या म्हणायच्या, "संसाराची घडी काही बसली नाही, निदान चादरीची तरी बसू द्या." लग्न मोडून परत आलेली बाई, पण हे सांगताना हसायची. मी पलीकडच्या खोलीत मशीनवर असे. फाटक्या चादरी शिवायच्या, उसवलेले अभ्रे सांधायचे आणि नव्या चादरीच्या कोपऱ्यात निळ्या दोऱ्यानं दवाखान्याची खूण घालायची, हे माझं काम.

एकदा शिवायच्या गठ्ठ्यात एक पांढरी चादर आली. कोपरा फाटलेला, आणि कोरा होता. मला वाटलं, खूण घालायची राहून गेली असेल. मी सुईत निळा दोरा ओवते आहे तोच घडीताई रोलर सोडून धावत आल्या.

"नका घालू बाई! ती माझी आहे."

"तुमची? इथे?"

त्यांनी दार लोटून घेतलं आणि गठ्ठ्यांच्या मागे जमिनीवरच बसून सगळं सांगितलं.

बहीण वारली तेव्हा तिची मुलगी चार वर्षांची होती. मेव्हण्यानं दुसरं लग्न केलं आणि पोरीला एका पिशवीतल्या कपड्यांसकट मावशीच्या दारात आणून सोडलं. पोर गुणी, अभ्यासात हुशार. पण झोपेत अंथरूण ओलं करायची ती काही थांबेना. चारची सहा झाली, आठ झाली, अकरावं लागलं, तरी तेच. आधीच्या चाळीत गच्चीवर सगळ्यांची मिळून एकच दोरी होती. रोज सकाळी यांची चादर दोरीवर दिसली की पोरं ओरडायची, "नळाबाई आली, बादल्या लावा रे!" पोरीनं शाळेत पाणी पिणंच सोडलं. ओठांची सालं निघाली आणि एक दिवस ती प्रार्थनेच्या रांगेतच चक्कर येऊन पडली.

"आणि बाई, मीही काही कमी नव्हते," घडीताई म्हणाल्या. "मला वाटायचं, संध्याकाळनंतर पाणी बंद केलं की झालं. मीच तिच्या हातातला पेला काढून घ्यायची."

मग त्यांनी तिला आमच्याच दवाखान्यातल्या मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी तपासलं. पोट साफ होतं का, हेही विचारलं. मग मावशीला सांगितलं, "ही मुद्दाम करत नाही. ओरडायचं नाही, लाजवायचं नाही. दिवसा पोटभर पाणी पिऊ दे, पोट साफ राहू दे, झोपायच्या आधी आठवणीनं जाऊन येऊ दे. काही मुलांना उशिरा जमतं, पण जमतं." पोरीनं खाली मान घालून विचारलं, "माझ्यासारखं अजून कोणी आहे?" बाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या शाळेतच असतील. तेही तुझ्यासारखेच गप्प बसलेत."

त्या दिवशी पोर घरापर्यंत उड्या मारत गेली म्हणे.

मग त्यांनी खोली बदलली. नव्या खोलीत सामान लावायच्या आधी पोरीनं मावशीचा हात धरला. "इथे चादर दोरीवर घालायची नाही. कोणाला म्हणजे कोणालाच सांगायचं नाही. आईची शपथ घे." घडीताईंनी मेलेल्या बहिणीची शपथ घेतली. आणि चादर लाँड्रीत न्यायची युक्ती काढली. रंगीत चादर तिथल्या पांढऱ्यांबरोबर यंत्रात घालता येत नाही, म्हणून घरासाठी साध्या पांढऱ्या चादरी घेतल्या. गादीवर मेणकापड, त्यावर पांढरी चादर. सकाळी पोरगी स्वतःच ती काढून गुंडाळायची आणि पिशवीत ठेवायची. दोघींनी त्या ओल्या चादरीचं नाव पाहुणा ठेवलं होतं. "पाहुणा आहे का गं आज?" "आहे, दारातच बसलाय." दिवसभरात पाहुणा धुऊन, वाळून, चौपदरी होऊन घरी परत. शेजारीपाजारी कोणाला पत्ता नाही.

"शपथ मोडून तुम्हाला सांगितलं," त्या म्हणाल्या. "देव मला धरेल का हो?"

"त्याला चादरी मोजायला वेळ नसतो," मी म्हटलं.

मी तो फाटलेला कोपरा पांढऱ्या दोऱ्यानं शिवून दिला. त्या दिवसापासून सकाळच्या नामस्मरणात माझ्या घरच्यांच्या जोडीला त्या पोरीलाही धरू लागले. घडीताई माझ्या दारावरून जाताना हळूच सांगून जायच्या, "आज पाहुणा नाही." मग माझंही सुईचं काम कसं सरळ व्हायचं! पोर अधूनमधून माझ्याकडे उसवलेला गणवेश घेऊन यायची. मला काकू म्हणायची. मला ठाऊक आहे, हे मी तिला कधी दाखवलं नाही.

आता घडीताई नाहीत. पोरगी स्वतः आई झाली आहे. हे सगळं तिनं पुढे मावशीच्याच तोंडून ऐकलं, म्हणून मी लिहायला धजते.

नोकरी गेली त्या दिवशी रोलर अडकला. सगळ्या चादरींचा एकच ढीग झाला. घडीताई आपली चादर नेहमी वेगळी काढून ठेवायच्या, पण त्या धांदलीत हाताला आली ती घेतली, चौपदरी केली, पिशवीत घातली. कोपरा घडीच्या आत राहिला. फाटकावर वॉचमननं पिशवी उघडली, चादर झटकली आणि निळा दोरा साऱ्या फाटकासमोर फडकवला.

"वा घडीताई! घडी झकास घातलीत, पण खूण आतच राहिली की!"

माणसं हसली. हा वॉचमन घडीताईंच्या नव्या खोलीपासून दोन दारं सोडून राहायचा. त्याची मुलगी पोरीच्याच वर्गात, एकाच बाकावर. पोरीची पहिलीवहिली मैत्रीण.

मीही घडीताईंबरोबर मुकादमांच्या खोलीत गेले. मुकादम चांगला माणूस. त्यांनी खुर्ची पुढे केली. "चुकून आली ना? नुसतं हो म्हणा, मी मिटवतो."

वॉचमन दारातच उभा होता. "चुकून कशी येईल साहेब? पिशवीत दुसरी चादर होती काय, बदलायला?"

"होती का हो?" मुकादमांनी विचारलं. "घरची चादर इथे आणत होता का? का आणत होता, एवढं सांगा."

मी तोंड उघडलं. घडीताईंनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला आणि दाबून धरला. त्यांनी एकदा वॉचमनकडे पाहिलं.

"घेतली," त्या म्हणाल्या. "मोह झाला."

मुकादम किती तरी वेळ टेबलावरची धूळ बोटानं पुसत राहिले.

हे सगळं मनात घोळवत आम्ही पूल उतरलो. मला राहवेना. "तुमची कोरी चादर वॉर्डातल्या कुठल्या तरी खाटेवर असेल. तिच्यावरचं माझं शिवण मी ओळखेन. उद्या मुकादमांना एकटं गाठते आणि सांगते."

"आणि ते फाटकावर जाऊन त्याला झापतील. 'बाईवर नसता आळ घेतलास, तिच्या घरी असं असं आहे.' चांगुलपणानंच सांगतील हो. मग तो जेवताना बायकोला सांगेल, आणि त्याची पोरगी कान टवकारून ऐकेल."

"म्हणून तुम्ही चोर व्हायचं?"

"झालेच की आता. त्याला काय नवं लुगडं लागतं?" त्या हसायला गेल्या, पण हसू ओठांवरच मोडलं. थोडं चालून म्हणाल्या, "हल्ली पाहुणा क्वचितच येतो बाई. काल मला म्हणाली, 'मावशी, मैत्रिणीकडे एक रात्र राहायला जाऊ का?' वॉचमनच्या घरी. आजवर कधी असं विचारलं नव्हतं तिनं. मी हो म्हटलं."

मला रडू आवरेना. त्यांनी पदराचं टोक माझ्या हातात दिलं, जसं काही माझीच नोकरी गेली होती.

त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही थांबलो. वॉचमनची बस केव्हाच पुढे गेली होती. त्यांनी पिशवीची घडी घातली, मग आणखी एक घातली.

"फाटकावरचं तिला आत्तापर्यंत कळलंही असेल," त्या म्हणाल्या. "मला ती विचारणार नाही, मी रडेन म्हणून. तुमच्याकडे येईल. काकू देवाची बाई आहे, काकू खोटं बोलत नाही, असं तिचं म्हणणं आहे. म्हणून तुम्हीच सांगायचं. तिच्या चादरीपायी माझं काम गेलं हे तिला कळलं, तर ती परत पाणी सोडेल. तेव्हा तिनं विचारलं की तिच्याकडे सरळ बघून सांगा, मावशीनं चोरीच केली म्हणून."