डब्यामागचा चारशे

माझ्या तोंडून आकडा पटकन निघतो. कुणी विचारायचा अवकाश, उत्तर हजर. आणि समोरच्याने शंका घेतली की माझं डोकं तापतं. पुण्याहून बेंगळूरूला येऊन दहा वर्षं झाली, पण ही खोड काही गेली नाही.

त्या सोमवारी मी मल्लेश्वरममधल्या एका डोळ्यांच्या इस्पितळात होते. पेशंटांच्या डोळ्यांचे जुने फोटो तिथल्या रेकॉर्डरूममध्ये, डिस्कांच्या डब्यांत साठवलेले होते. डबे एकामागे एक, एकाच केबलीला जोडलेले. ते सगळं नव्या फायबरवरून आमच्या कंपनीच्या इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या मशीनवर न्यायचं होतं. रेकॉर्डरूम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. घराणं मराठी, पण पिढ्यान्‌पिढ्या इथलंच, त्यामुळे त्यांच्या मराठीत मध्येच कन्नड डोकवायचं.

"किती दिवस लागतील मॅडम?" त्यांनी विचारलं.

"दोन."

"एवढ्यात? मागे एका डब्यातलं उतरवून घ्यायलाच अख्खा दिवस गेला होता."

"अहो अक्का, हे फायबर आहे! तो जमाना गेला."

"सरी, ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि तिथल्या तिथे फोन काढून बुधवार संध्याकाळचं हुबळीचं तिकीट काढून मोकळ्या झाल्या.

हुबळीला त्यांची मुलगी, पहिलटकरीण. बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली. "मग काय, माहेरच बॅगेत भरून नेते," अक्का हसून म्हणाल्या. जुन्या साड्यांची मऊ दुपटी, डिंक, बाळंतशेपा, सगळं बांधून तयार. तारीख त्याच आठवड्यातली होती. फक्त कॉपी संपेपर्यंत रेकॉर्डरूम सोडायची नाही, असा त्यांच्या साहेबांचा हुकूम होता.

मंगळवारी सकाळी निम्मं काम व्हायला हवं होतं. झालं होतं सतरा टक्के.

"केबल हलवलीत का?" मी अक्कांवरच खेकसले.

"मी कशाला हात लावू? कालपासून इथे झाडूसुद्धा मारू दिला नाही कुणाला."

चहाच्या वेळी त्या बाहेर गेल्या, तेव्हा मी डबा फिरवून मागे बघितलं. केबलीच्या खाचेपाशी चारशे लिहिलेलं होतं. तो आकडा मी आधीच बघितला होता, पण आता नीट बघितला. नेटवर्कवाले वेग बिटमध्ये सांगतात आणि जुने डिस्कवाले बहुतेक बाइटमध्ये. आठ बिटांचा एक बाइट. एकाने केळी नगावर मोजावीत, दुसऱ्याने डझनावर, तसलं प्रकरण. फायबरचा हजार मेगाबिटचा आकडा मी शहाण्यासारखा आठाने भागला होता, सेकंदाला सव्वाशे मेगाबाइट. डब्यामागचा चारशे मात्र सवयीने सरळ बाइट धरला. म्हणजे डबा फायबरच्या तिप्पट जोरात, काळजी नको! आणि ही केबल निघाली बिटवाली. चारशे भागिले आठ पन्नास, प्रत्यक्षात जेमतेम चाळीस. फायबर कितीही जोरात असो, डबा देईल तेवढंच पुढे जाणार. दोन दिवसांचे सहा झाले होते. रविवार उजाडणार होता.

अर्ध्या मिनिटाचा हिशेब. अक्का परत आल्या की सांगायचं, बस्स. पण जीभ उचलेना. आदल्या दिवशी "हे फायबर आहे" म्हणून ऐटीत बोललेली मी कुठल्या तोंडाने सांगणार?

"केबल जुनी आहे, बघते काय करता येतं," असं म्हणाले.

बुधवारचा अख्खा दिवस मी उगाच इकडची वायर तिकडे करत राहिले. या टोकाला फोन, त्या टोकाला फोन. सगळं नाटक. संध्याकाळी अक्कांनी माझ्यासमोरच तिकीट रद्द केलं आणि वर मलाच विचारलं, "दमलात, स्वल्प चहा घेणार का?" तो चहा मी प्यायले. आजही आठवलं की स्वतःची लाज वाटते.

गुरुवारी सकाळी जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या. अक्का खुर्चीत बसून पदराचं टोक पिळत राहिल्या. मला ते बघवेना. उठले आणि साहेबांच्या खोलीत गेले.

"आकडा माझा चुकला, अक्कांचा काही दोष नाही. त्यांना सोडा, इथे मी बसते."

साहेबांनी मला चार शब्द ऐकवले आणि परवानगी दिली. अक्कांनी जाता जाता दाखवलं, शेवटच्या डब्याची केबल सैल होते, ती अधूनमधून दाबायची. बॅग मीच रिक्षात ठेवली. दुपारची बस मिळाली.

संध्याकाळी सहाला त्यांचा फोन आला.

"मुलगी झाली गं! दोघी बऱ्या आहेत." त्या मला पहिल्यांदाच अगं-तुगं करत होत्या. "माझी बस अजून दावणगेऱ्यातच आहे. लेक सारखी आई आई करत होती म्हणे."

 

मग त्यांनीच नाक ओढत विचारलं, "कॉपी किती झाली?"

"अठ्ठावन्न टक्के."

"केबलीकडे लक्ष ठेव. आणि ऐक, चूक कळल्याबरोबर साहेबांना सांगितलंस म्हणून मला निघता तरी आलं. दुसरं कुणी असतं तर लपवून बसलं असतं."

"हो अक्का," मी म्हणाले.