एकदांडीची पूड

आमच्या बांधाला एकदांडी भरपूर. लांब दांडीवर एकच पिवळं फूल. उसाला पाणी सोडलं की हीही माजते. विळा लागला, खरचटलं, की तिचा पाला चुरगाळून रस पिळायचा. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण पणदऱ्यात माझ्याकडं जखम घेऊन आलेला माणूस तसाच माघारी गेला नाही.

नात बारामतीला कॉलेजात. शेवटच्या वर्षाला प्रयोगासाठी तिनं एकदांडीच घेतली. पाल्याच्या अर्कानं जंतू मरतात का, ते तपासायचं होतं. पाला सावलीत वाळवून पूड करायला तिनं मला सांगितलं. मी मन लावून केली, अगदी वस्त्रगाळ.

काही दिवसांनी एसटीतून उतरून ती पळतच घरी आली. मोबाईलवर फोटो दाखवला. काचेच्या बशीत जंतूंचा पांढुरका थर, आणि अर्क टाकला तिथं मोकळं गोल कडं. तेवढ्यातले जंतू मेले, म्हणाली. मी खूश होऊन म्हणालो, "मरणारच की. चिमूटभर हळद घातलीया मी."

तिनं मोबाईल खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "आबा, मग कशानं मेलं ते कसं कळायचं?"

मी हटलो नाही. हळदीवाचून जखमेचं औषध कुणी करतं का, असं ऐकवलं. आजही माझं म्हणणं तेच आहे. पण तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळं पहिल्यापासून करायचं, आणि परीक्षा तोंडावर. तरी एक शब्द वाकडा बोलली नाही. तेच मला जास्त लागलं.

सकाळी मी बांधावर गेलो, मागोमाग तीही आली. खुडताना मला वेगळीच धास्ती. नुसत्या पाल्यानं काहीच झालं नाही तर? जन्मभर लोकांच्या जखमांवर मी काय पिळत आलो? तिनं ते ओळखलं असावं.

"काय बी निघालं तरी मी तुमाला खरंच सांगणार, आबा."

"सांग की. मी काय भितो व्हय?"

या खेपेला पूड तिनंच केली.

पुढं एका रविवारी ती आली आणि बाजेवर माझ्याशेजारी टेकली. "कडं लहान हाय, आबा. पण हाय."

मला नीट दिसेना. तिनं माझं बोट धरून मोबाईलच्या काचेवर त्या कड्याभोवती फिरवलं. बोट लागलं तसा फोटो सरकला. तिनं तो परत जागेवर आणला. माझं बोट मात्र सोडलं नाही.