परवा आलेली बाई

माणसावर विश्वास टाकायची मला सवय नाही. म्हणून हे लेकाला सांगितलं नाही, सुनेला नाही, देवापुढे उभी राहून मनातसुद्धा उच्चारलं नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही काही माझ्या ओसरीवर येऊन बसणार नाही.

चोपड्याच्या अलीकडे आमची केळीची बाग आहे. नवरा गेल्यापासून मीच बघते. बागेत पत्र्याची एक खोली — तिच्यात सुमली आणि तिचा नवरा नानसिंग राहायचे. सातपुड्यापलीकडची, मध्य प्रदेशातली माणसं. पाणी देणं, राखण, कापणी — सगळं ती दोघंच करायची. किती वर्षं? सुमलीनं आल्या आल्या दारात लावलेला निंब आता खोलीवर सावली धरतो. एवढी वर्षं.

ती मला पहिल्यापासून खटकायची. चोर होती का? नाही. पण हळू बोलायची, आणि हळू बोलणारं माणूस काहीतरी लपवतं असं मला वाटतं. ती बागेतून गेली की मी घड मोजायचे. एकदा तिचं गाठोडं उघडून पाहिलं — एक लुगडं, आरसा, वाळलेली भाकर. तरी वाटलं, असेल ते दुसरीकडे ठेवलं असेल.

एके दिवशी हौदाजवळ तिनं पदर बाजूला केला. "अक्का, हाई देखा ना."

छातीत गाठ. कैरीच्या कोयीसारखी कडक, वरची कातडी ओढलेली. चोळीवर डाग. आता केळी कापणाऱ्याच्या कपड्यावर चिकाचे काळे डाग असतातच, धुऊन जात नाहीत. मी हळदीवर भागवलं. म्हटलं, "चीक लागना व्हई. हयद लाव."

पण चिकाला तसा वास नसतो. तो वास मला आला होता. मग मी असं का म्हटलं? कामचुकारपणा करते, अशी शंका आली म्हणून. इतकं दुखत असेल तर बाई हंडा उचलेल का? ती उचलत होती — मी तेवढंच धरून बसले.

आमच्या गावची आशाताई विमल. तिनं गाठ पाहिली आणि सुमलीला जळगावला नेलं. डॉक्टर म्हणाले, कॅन्सर आहे, उपचार लगेच सुरू करा. सरकारी योजनेतून फुकट होतील, पण ही बाई इथंच राहते असं गावानं सांगायला हवं. आणि गाव म्हणजे कोण? जिच्या शेतात ती राहते ती. म्हणजे मी.

विमल सरपंचांना घेऊनच आली. सुमली हौदाशी भांडी घासत होती.

"अक्का, एवढंच सांगा, ही कधीपासून आहे इथं?"

"तुले काय इतकी घाई पडनी?"

"अक्का, गाठ थांबत नाही ना."

आमच्या सासऱ्यांनी नाल्याकाठचं शेत एकाला कसायला दिलं होतं. हा इतकी वर्षं कसतो, असं चार माणसांत बोलून गेले. त्याचं कूळ लागलं, शेत त्याच्या नावावर झालं. तेव्हापासून आमच्या घरात शिकवण — परक्याला राहू द्या, पण कधीपासून राहतो ते चारचौघांत बोलू नका.

थांबा. हे मी ढाल म्हणून पुढे करतेय का? पत्र्याच्या खोलीत राहून कूळ लागत नाही, हे लेकानं मला आधीच समजावलं होतं. कळलंही होतं. तरी मनात आलंच — ही मंडळी मिळून काही रचत तर नाहीत?

मी म्हटलं, "परवाच आली. कापणी झाली की जाईल."

विमल हसली. तिला थट्टा वाटली. "अहो अक्का, मागच्या आखाजीच्या सणाला हिनंच तर माझ्या पोरीचा झोका बांधला!"

"ती दुसरी असेल. सगळ्या सारख्याच दिसतात."

सरपंच खाली बघत राहिले. त्यांच्याही शेतात अशा खोल्या आहेत. सुमलीचा राखेचा हात थांबला. तिनं माझ्याकडे पाहिलं — आणि पुन्हा घासायला लागली. ‘हे खोटं आहे’ असं ती म्हणाली असती तर? मी त्याच दिवशी दोघांना हाकललं असतं. तिला ते ठाऊक होतं.

मग दोघं त्यांच्या गावी गेली. उपचारासाठी दाखला मागितला, तर तिथल्यांनी विचारलं, इतकी वर्षं कुठं होतात? आमच्याकडे ती परवा आलेली, तिकडे ती कधीच निघून गेलेली. मधल्यामध्ये गाठ वाढली.

नानसिंग एकटा परत आला. मी विचारलं, "सुमली?"

"गयी, अक्का." विळा उचलून तो बागेत गेला.

तिनं त्याला सांगितलं असेल का? मी त्याच्यावर नजर ठेवून असते. चहा दिला की तो आधी कपात बघतो, मग पितो. की मलाच तसं दिसतं?

मागच्या महिन्यात विमल पुन्हा घरोघरी फिरत होती, कुणाला काही दुखणं आहे का विचारत. नानसिंगला खोकला आहे, बऱ्याच दिवसांचा. बागेत येऊन तिनं त्याला विचारलं, "भाऊ, कधीपासून राहता इथं?"

मी बाजेवर शेंगा सोलत होते. तोंड उघडायला वेळ होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही.

"परवाच उना," तो म्हणाला.

विमल माझ्याकडे बघत उभी राहिली. मी शेंगा सोलत राहिले.