अनारसे हसले तर काय करावं

कल्याणला दिलेल्या माझ्या भाचीचं पत्र आलं. मावशी, स्वयंपाकाची पुस्तकं हल्ली छापून मिळतात, त्यातलं कोणतं घेऊ? वाचायला गंमत यावी आणि चुलीपाशी उपयोगीही पडावं, असं एकच सांग. एकच म्हणे. या मुलींना सगळं एका भांड्यात शिजवून हवं असतं.

माझ्याकडे तीन आहेत. पहिलं कुणा शास्त्रीबुवांचं. या गृहस्थांनी जन्मात फुंकणी हातात धरली नसावी. अग्नी किती प्रकारचे, पाणी कुठल्या नदीचं गोड, यजमानानं कुठल्या दिशेला तोंड करून बसावं, यात अकरा पानं जातात आणि भाताला पाणी किती, ते सांगायचं राहूनच जातं. पण वाचायला काय बहार आहे! दुपारी आडवं पडून वाचावं, हसून हसून पुरेवाट होते. त्याबरहुकूम चूल मात्र पेटवू नये. दुसरं कुठल्याशा सरदाराच्या मुदपाकखान्यातलं. त्यात केशर मुठीनं घ्यायला सांगितलंय. तेही वाचावं, जिभल्या चाटाव्यात आणि पिठलं टाकावं.

तिसरं बारकंसं, पुठ्ठा सुटलेलं. ते एका बाईनं लिहिलंय, आणि प्रत्येक पदार्थाखाली 'बिघडल्यास' म्हणून चार ओळी आहेत. भाचीला मी हेच घे म्हणून कळवलं. का, ते पत्रात लिहवेना. म्हणून इथं लिहिते.

तेव्हा आम्ही ठाण्यात राहत होतो. यजमान कचेरीत कारकून, घरात ते, मी आणि सासूबाई. एकुलती नणंद कल्याणला दिलेली. हे पुस्तक यजमानांनीच मुंबईहून आणलं होतं. सासूबाईंनी ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाल्या, "वाचून का कुणाला पुरण घाटता येतं?" मला मेलीला दिवसभर कामातून वाचायला सवड कुठली? महिन्याचे तीन दिवस बाजूला बसायची, तेवढीच. मागच्या पडवीत घोंगडी, तांब्या आणि पुस्तक. चौथ्या दिवशी मी न्हायले की घोंगडी धुतली जायची. पुस्तक धुता येईना. म्हणून ते पडवीच्या कोनाड्यातच राहिलं. पाककृतींचं पुस्तक, पण स्वयंपाकघराचं तोंड त्यानं कधी पाहिलं नाही.

सासूबाईंच्या हाताला चव अशी, की मुंजी-लग्नाला अर्धी आळी त्यांना विचारायला यायची. आणि त्या विसरू लागल्या होत्या. एकदा आमटीत दोनदा मीठ पडलं. एकदा मोदकांची उकड काढून ठेवली आणि तांदूळ भिजत घालायला निघाल्या. मी ओरडले नाही. मी शेजारी उभी राहायला लागले. "आता चिंच घालायची ना?" असं शिकाऊ पोरीसारखं विचारायची. त्या म्हणायच्या, "मग? एवढंही कळत नाही?" आणि चिंच घालायच्या. दोन वर्षं असं चाललं. त्यांना यातलं काही कळत नाही, अशी माझी समजूत होती. यजमानांनाही मी सांगितलं नव्हतं.

त्या वर्षी अधिक महिना आला. जावयाला तेहतीस अनारशांचं वाण द्यायचं, आणि यंदा जावयांबरोबर विहीणबाई स्वतः येणार होत्या. विहीणबाई म्हणजे कडक काम. गेल्या दिवाळीच्या फराळात आमच्याकडून चकलीत तिखट पडायचं राहिलं होतं, तर नणंदेला सहा महिने ऐकून घ्यावं लागलं. "आईचं लक्ष नाही वाटतं आता घरात?" नणंद माहेरी आली की यावरूनच रडायची. सासूबाईंचा हात चालत नाही, हे एकदा कल्याणला कळलं असतं, तर त्या पोरीला तिथं सुखाचा घास मिळाला नसता. म्हणून मी पीठ जिवापाड जपून केलं. कळव्याकडचा जुना तांदूळ तीन दिवस भिजवला, सावलीत सुकवला, कुटला, गूळ घालून मुरत ठेवला. कोरडी पिठी थोडी वेगळी काढून फडताळात ठेवली, अडीअडचणीला असावी म्हणून. नुसतं तळणं उरलं होतं.

आणि मंडळी यायच्या आदल्या सकाळी मी बाजूला बसले. नेहमीपेक्षा चार दिवस आधीच. माझं नशीबच फुटकं.

जावई आणि विहीणबाई, दोघंच सकाळच्या गाडीनं आली. यजमान जावयांशी ओसरीवर गप्पा मारत बसले. विहीणबाईंनी माजघरात स्वयंपाकघराच्या दारालगतच पाट मांडून घेतला. सासूबाई सोवळ्याची धाबळी नेसून चुलीपुढे एकट्या. माझी पडवी भिंतीपलीकडे, मध्ये एक झरोका. मी झरोक्याखाली कान लावून बसले होते. वाणाचं शिजत असताना बाजूला बसलेल्या बाईचा आवाजसुद्धा सोवळ्यात पडता कामा नये, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. तेव्हा मला ब्र काढायची सोय नव्हती.

तूप कढल्याचा वास आला. मग चर्र झालं, आणि जे व्हायचं तेच झालं. अनारसा हसला. म्हणजे तुपात पडल्या पडल्या फुटला, विरघळला, कढईभर पसरला. ते कानाला कळतं, आवाज दबल्यासारखा होतो. दुसरा टाकला, तोही हसला. जळक्या गुळाचा वास पडवीत आला.

"काय हो विहीणबाई," माजघरातून आवाज, "पीठ सैल झालं का?"

"होतं असं पहिल्या घाण्याला," सासूबाई म्हणाल्या. पण आवाज त्यांचा नव्हता. फडताळ उघडा, मी मनात म्हणत होते, डाव्या हाताला डबा आहे, उघडा हो. त्या हलल्याच नाहीत. तिसरा अनारसा पडला.

मग मी कोनाड्यातून पुस्तक काढलं. एवढंच वाटलं, की बाई करमणुकीला काही वाचतेय, असं दिसेल. पान काढलं आणि परसातल्या पेरूच्या झाडाकडे तोंड करून मोठ्यानं वाचायला लागले. "अनारसे. बिघडल्यास. तुपात हसू लागल्यास गूळ अधिक झाला असे समजावे. राखून ठेविलेली कोरडी पिठी मूठभर मिसळून पीठ पुन्हा मळावे."

आत फडताळाची कडी वाजली. माझा जीव भांड्यात पडला. मी पुढं वाचलं, "केळीच्या पानावर खसखस पसरून त्यावर थापावे. खसखशीची बाजू वर ठेवून सोडावे. उलटू नये."

"ही कोण बोलतेय?" विहीणबाई उठल्याचं मला पाटाच्या आवाजावरून कळलं. "बाजूला बसलीय ना ती? आणि वाणाच्या सोवळ्यात हिचा आवाज? विहीणबाई, तिला गप्प बसायला सांगा. असलं वाण माझा मुलगा घ्यायचा नाही."

मी गप्प झाले. पुस्तक हातातच. आता सासूबाईंनी मला फाडून खाल्लं असतं, तरी मी हूं की चूं केलं नसतं. त्यांनी फक्त एकदा रागावायचं होतं, की सगळं माझ्यावर गेलं असतं. सूनच अडाणी, म्हणाल्या असत्या विहीणबाई, आणि पिठी तर हाताशी आली होती, पुढचे अनारसे नीट झालेच असते. मी वाट पाहत होते.

"वाच गं पुढं," सासूबाई म्हणाल्या.

"विहीणबाई, तुम्ही ऐकलंत ना मी काय..."

"ऐकलं. मला आठवत नाही. दोन वर्षं झाली. ही विचारल्यासारखं करते आणि मी करते. ही बोलली नाही तर मला पुढचं येत नाही."

मी पडवीत बसून रडले. दोन वर्षं मी त्यांना फसवतेय असं मला वाटत होतं. त्या मला फसवू देत होत्या.

विहीणबाईंनी पाण्याचा घोटही घेतला नाही. यजमानांनी हात जोडले, जावई खाली मान घालून उभे राहिले, पण आईपुढे त्यांचं काय चालणार? दुपारच्या गाडीनं दोघं कल्याणला परत गेली, वाण न घेता. नणंदेला पुढं दीड वर्ष माहेरी पाठवलं नाही. तो राग मला अजून आहे, आणि तो मी लपवतही नाही.

दार लागल्याचा आवाज आला, तरी सासूबाई चुलीपुढून उठल्या नाहीत. "वाच," म्हणाल्या. मी वाचत राहिले, पान संपलं की पुन्हा पहिल्यापासून. त्या थापत होत्या, सोडत होत्या, झाऱ्यानं वरून तूप घालत होत्या. एकही हसला नाही. शेवटी मोजून तेहतीस परातीत लावले, आणि परात घेऊन झरोक्याशी आल्या. चेहरा लाल झाला होता, पण किती दिवसांनी इतका निवांत दिसत होता.

"बघ, जाळी कशी पडलीय," त्या म्हणाल्या. मग परातीकडे बघत राहिल्या. "एवढे कुणासाठी केले गं आपण?"

"जावयांसाठी," मी म्हटलं.

"मग बोलाव ना त्यांना," सासूबाई म्हणाल्या. "गरम आहेत तोवर बोलाव."